कुस्ती मैदान दुरुस्त करताना आधी पाठ दिसू द्या, मग सोफे मांडा

मैदानासाठी निधी आला की गावात पहिली चर्चा कमानीची होते, मग शेडची, मग पाहुण्यांच्या सोफ्यांची. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागातला गवंडी. पायऱ्या, गॅलऱ्या बांधणं हाच माझा धंदा, आणि लहानपण तालमीच्या मातीत गेलंय. कमिटीवाल्यांना माझं सांगणं एकच असतं: पैलवानाची पाठ जिथे मातीला लागते, ती जागा शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसली पाहिजे. सगळी मापं तिथून काढा. क्रिकेटचा चेंडू हवेत असतो, तो कुठूनही दिसतो. कुस्तीचा निकाल जमिनीवर लागतो.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. कुंडलला माणसं डोंगराच्या उतारावर बसतात, त्यामुळे पुढच्याचं डोकं आड येत नाही. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. त्याचा आकारच खोलगट. आपल्या गावांत मात्र मैदान सपाट असतं आणि पुढे खुर्च्यांच्या चार रांगा लागतात. मागचे उभे राहतात, त्यांच्या मागचे झाडावर चढतात.

म्हणून इस्टिमेट करायच्या आधी सुतळी आणि दोन बांबू घ्या. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, अलीकडच्या काठाला, मातीच्या पातळीवर खुंटी ठोका. समजा पहिली रांग तिथून ४ मीटरवर आहे. तिथे बांबू उभा करून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याची खूण करा. ती साधारण १.२ मीटरवर येते. तिच्या वर १२ सेंटिमीटरवर दुसरी खूण करा, म्हणजे डोक्याची जागा धरली. आता खुंटीला बांधलेली सुतळी या वरच्या खुणेवरून ताणून मागच्या रांगेपर्यंत न्या. रांगांमधलं अंतर ८० सेंटिमीटर असेल तर सुतळी तिथे १.५८ मीटरवर पोचते. मागच्याचा डोळा तिथे हवा, म्हणजे पायरी ३८ सेंटिमीटरची. तिच्या मागची पायरी याच हिशेबाने ४० ची येते. पायऱ्या मागे जातील तशी त्यांची उंची वाढत जाते, सगळ्या एका मापाच्या काढून चालत नाही. पहिली रांग ८ मीटरवर नेली तर पहिली पायरी २५ वर येते. जागा आणि पैसा बघून ठरवा, पण सुतळी ताणल्याशिवाय ठरवू नका.

आता फेट्यांचं. सत्काराचे फेटे बांधून मंडळी पुढेच बसणार असतील तर १२ च्या जागी २० सेंटिमीटर धरावे लागतात आणि ४ मीटरवरची तीच पायरी ४८ ची होते. एवढी उंच पायरी म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही. त्यापेक्षा मानाची बैठक वर न्या. पाचव्या-सहाव्या पायरीवरून पकड, पट, घिस्सा असे डाव, सगळं पुढच्या रांगेपेक्षा चांगलं दिसतं. ही बैठक हौद्याच्या पश्चिमेला ठेवा. कुस्त्या दुपारनंतर रंगात येतात, उतरतं ऊन पाठीवर घ्यावं, डोळ्यांवर नको. शेडचे खांब बैठकीच्या मागे घ्या. पुढे खांब आला की त्याच्या मागच्या सगळ्यांची कुस्ती गेली. मानाच्या बैठकीची पायरी किमान ९० सेंटिमीटर रुंद ठेवा आणि पुढच्या कडेला बोटभर उंच पट्टी काढा, म्हणजे खुर्चीचा पाय घसरत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर प्रत्येक पायरीला मध्ये अर्धी पायरी द्या. व्यासपीठ हौद्याच्या काठाला लावायची पद्धत बंद करा, ते एक अख्खी बाजू खातं. हलगीवाले आणि फोटोवाले यांच्यासाठी काठाभोवती दोन फूट खोल चर काढला की तेही जवळ राहतात आणि चरात बसले तर फारसे कुणाच्या आड येत नाहीत.

या मानाच्या जागा कुणाच्या? देणगीदारांना द्या, त्यांचा हक्क आहे. पण दोन रांगा वस्तादांच्या आणि पैलवानांच्या घरच्यांच्या. आई कुस्ती बघायला आली तर तिला बसायला चांगली जागा मिळाली पाहिजे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि आपल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. आता गावोगावच्या मैदानांत मुलींच्या जोड्या लागतात. कपडे बदलायला खोली आणि पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह नसेल तर शेडवर पैसा घालू नका, आधी हे बांधा.

पाया काळ्या मातीवर घेऊ नका. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पायऱ्यांना तडे देते. मुरूम लागेपर्यंत खणा. भराव मुरमाचाच, वीतभर थराने, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घट्ट बसवून. मैदान खोलगट केलंत तर पावसाचं पाणी हौद्यातच उतरणार, म्हणून चरालाच उतार देऊन पाइप खालच्या ओढ्याकडे काढा.

काम सुरू व्हायच्या आधी हौद्याची माती उचलून ताडपत्रीखाली झाका. सिमेंट किंवा खडीचा एक कण पैलवानाची कातडी सोलतो. काम संपल्यावर ती बारीक चाळणीतून काढा, मग ताक, तेल, हळद, लिंबू घालून खोऱ्याने परता. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की सुटावा, एवढीच ओल ठेवा. पुन्हा पुन्हा हात फिरवून बघा. बोटाला काही टोचलं तर परत चाळा.

सोफे बोल्टने बसवायच्या आधी संध्याकाळी दिवे लावा. तालमीतल्या दोन पोरांना हौद्यात उतरवा, एकाला अलीकडच्या काठाजवळ उताणं झोपवा. मग स्वतः प्रत्येक रांगेत जाऊन बसा, कडेच्या जागांवर आणि सर्वांत वरच्या पायरीवरसुद्धा. दोन्ही खांदे मातीला टेकलेले जिथून दिसत नाहीत, त्या जागेवर खडूने फुली मारा आणि तेवढं काम गवंड्याकडून पुन्हा करून घ्या. बिल त्यानंतर द्या.