'गाव रंगवणे' असं काम यादीत लिहूच नका

चवथीआधी गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचं पिक्सेल चित्र (छोट्या चौकोनी ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलांचं, डिजिटल चित्र) संपवायचं ठरवलं आणि पंधरा दिवस मांडवीच्या पाण्याचा निळा रंगच बदलत बसलो. कामाचे तुकडे केले तेव्हा कुठे गाडी हलली.

१. एका बैठकीत संपेल एवढंच काम लिहा. 'फेरीबोट' नव्हे, 'फेरीबोट, ६४×३२ पिक्सेल, फक्त बाह्याकार, एकाच रंगात'. रंग, सावली, हालचाल ही वेगळी कामं, वेगळ्या दिवशी.

२. पहिल्याच दिवशी १६ रंग ठरवा आणि पॅलेट (चित्रातल्या रंगांचा संच) बंद करा, नंतर बदलू नका. माझा निम्मा वेळ इथेच जायचा.

३. प्रत्येक तुकड्याला तारीख द्या, पण शेवटचे दोन दिवस कोरे ठेवा. पावसात वीज जातेच.

४. फाइलच्या नावात टप्पा घाला: फेरी_०२_रंग.

माणूस चालताना दाखवायचा असेल तर आधी ४ फ्रेम (हालचालीची एकेक चित्रं) काढा. चाल पटली तरच मधल्या ४ भरा.

एक जपा: चित्र मोठं करताना २००, ३०० टक्के अशा पूर्ण पटीतच करा, तेही 'नियरेस्ट नेबर' (पिक्सेलच्या कडा धूसर न करता मोठं करण्याची पद्धत) निवडून. १५० टक्के केलंत की काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात आणि बोटीचा कठडा दात पडल्यासारखा दिसतो.