वेगळ्या वळणाचे पुस्तक, चित्रपट किंवा गेम सुचवताना

‘हटके आहे, नक्की बघ’ एवढे सांगून आपण बहुतेक वेळा थांबतो आणि समोरचाही ‘बघतो’ म्हणून विषय मिटवतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण त्याच्या हाती आपण काहीच दिलेले नसते. नेहमीच्या वळणाच्या चित्रपटाची शिफारस नटाच्या किंवा दिग्दर्शकाच्या नावावर भागते. वेगळ्या कलाकृतीच्या बाबतीत मात्र मनात चुकीची अपेक्षा धरून बसलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासातच उठतो आणि पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. म्हणून अशी शिफारस करताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: ती कलाकृती नेमकी कशी चालते आणि तिच्यात माणूस कुठे अडखळण्याची शक्यता आहे.

त्याआधी समोरच्याची आवड विचारून घ्यावी. ‘तुला काय आवडते?’ या प्रश्नाला साचेबंद उत्तरे मिळतात. त्यापेक्षा अलीकडे कोणते पुस्तक किंवा चित्रपट अर्धवट सोडला आणि का सोडला, हे विचारले तर फार उपयोगाची माहिती मिळते. ‘पात्रे इतकी होती की नावे लक्षात राहिनात’ असे म्हणणाऱ्याला काय देऊ नये, हे लगेच कळते.

विषयाचे साम्य पाहून शिफारस करणे ही सर्रास होणारी चूक आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी बोटीवर घडते आणि लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ (२०१८) हा गेमही जहाजावरच घडतो. पण एकाच्या चाहत्याला दुसरे आवडेल असे मानायला याने काहीच आधार मिळत नाही. ‘रणांगण’ ज्याला भिडते त्याला माणसाच्या मनातला कडवटपणा आणि ओढ जवळून पाहायची असते. ‘ओब्रा दिन’ ज्याला रमवील त्याला धागेदोरे जुळवायचे असतात, आणि असा माणूस रोजचे शब्दकोडे सोडवणारा किंवा रहस्यकथा वाचणारा असू शकतो, भले त्याने आयुष्यात एकही गेम खेळलेला नसो. जुळणी करायची ती अशी, मनाच्या कलाची.

कलाकृती कशी चालते हे सांगताना तिच्यातला एकच तपशील निवडावा, पण तो खास तिचाच असावा. ‘ओब्रा दिन’विषयी मी असे सांगतो: साल १८०७ आहे, बेपत्ता झालेले जहाज बंदराला लागले आहे, पण त्यावर जिवंत माणूस नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक आहात. तुमच्याजवळचे खिशातले घड्याळ मृतदेहापाशी उघडले की आधी काळोखात त्या माणसाच्या अखेरच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात आणि मग तो क्षण पुतळ्यांसारखा गोठून उभा राहतो. त्यात फिरून कोणाचा पोशाख कसा आहे, कोण कोणत्या भाषेत बोलला, कोण कोणाशेजारी उभा आहे हे पाहायचे आणि साठ जणांची नावे व त्यांचे काय झाले ते वहीत भरायचे. तीन जणांची नोंद अचूक झाली की गेम ती पक्की करतो. त्यामुळे अंदाजपंचे उत्तरे देऊन निभावत नाही. एवढे ऐकून ज्याचे डोळे चमकत नाहीत, त्याला आणखी आग्रह करू नये.

अडचणही तितक्याच मोकळेपणाने सांगावी. हा गेम जुन्या संगणकाच्या पडद्यासारखा दोनच रंगांत रेखलेला आहे आणि काही जणांच्या डोळ्यांना त्याचा त्रास होतो. इथे लढायचे किंवा चपळाईने बटणे दाबायचे नसले, तरी एका हाताने चालणे आणि दुसऱ्या हाताने मान वळवणे नवख्याला जड जाते. त्यामुळे पहिला तासभर शेजारी बसावे, मात्र उत्तर सांगू नये.

अडचण न सांगितल्याने काय होते, हे मी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’च्या बाबतीत अनुभवले. हा चित्रपट खटल्यावरचा आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, एवढेच मी मावशीला सांगितले. ती उलटतपासणीची, साक्षीदार कोसळण्याची वाट पाहत राहिली आणि कंटाळून तिने तो बंद केला. काही महिन्यांनी मी पुन्हा विषय काढला. म्हटले, यात कोणी आवाज चढवून भाषण करत नाही, तारखांमागून तारखा पडतात आणि कॅमेरा पुष्कळदा एका जागी थांबून राहतो; पण कोर्टाची वेळ संपल्यावर तो वकिलांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत जातो, तो भाग नीट बघ. खटल्यात एकसुरी आवाजात कलमे वाचणाऱ्या सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. तीस वर्षे नोकरी करून तसाच लोकलचा प्रवास केलेली मावशी या खेपेला शेवटपर्यंत बसली आणि नंतर त्या बाईंविषयीच बराच वेळ बोलत राहिली.

काय सांगू नये, हेही कलाकृती पाहून ठरवावे. ‘आऊटर वाइल्ड्स’ (२०१९) या गेममध्ये पुढे जायला लागते ते खेळाडूला उमगलेले ज्ञान. तिथे ना शस्त्रे वाढवायची असतात ना ताकद. म्हणून एक उलगडा आधीच सांगितला तर तेवढा गेम त्याच्याकडून कायमचा हिरावला जातो. लहानशा यानातून चिमुकल्या ग्रहांवर हिंडायचे आणि पूर्वी तिथे राहून गेलेल्यांनी लिहून ठेवलेले वाचायचे, एवढे सांगून गप्प बसावे. ‘रणांगण’ची गोष्ट निराळी आहे. महायुद्ध तोंडावर असताना युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी भेटतात, हे आधी कळल्याने कादंबरीचे काही बिघडत नाही. उलट नायक सुरुवातीला आवडणार नाही, तरी थांब, हे सांगितलेले बरे.

प्रयोगशील चित्रपट सोसेल की नाही अशी शंका असेल, तर लांबीने लहान काहीतरी द्यावे. क्रिस मार्कर यांचा ‘ला जेते’ (१९६२) अठ्ठावीस मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा स्थिर छायाचित्रांतून उलगडतो. नाही रुचला तरी अर्ध्या तासावर वेळ जात नाही.

एका वेळी एकच नाव द्यावे. दहा नावांची यादी पाठवली की ती फोनमध्ये पडून राहते, आणि त्यातले आपल्याला मनापासून कोणते द्यायचे होते हेही समोरच्याला कळत नाही. त्या नावाबरोबर लागणारा वेळ, भाषा, उपशीर्षके आहेत का, गेम कोणत्या यंत्रावर चालतो, पुस्तक ग्रंथालयात मिळेल की स्वतःची प्रत द्यावी लागेल, हेही दोन ओळींत लिहावे. मी शक्यतो स्वतःची प्रत देतो आणि आत कुठेही पेन्सिलीची खूण राहिलेली नाही ना, हे आधी तपासतो.