केज आणि दार: नियम असा लिहा की भांडणच नको

कुडाळात माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट-ग्रिल रोजचंच, पण सड्यावरच्या ऑटोक्रॉसला (घड्याळ लावून होणारी गाड्यांची शर्यत) उतरणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे केजही (गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा) इथेच वेल्ड होतात, त्यामुळे भांडणंही आधी इथेच येतात. नेहमीची तक्रार एकच: "सेफ्टीच्या नावाखाली त्याने दार पोखरलं नि गाडी हलकी केली!" बहुतेक वेळा ती खरी असते, आणि दोष त्या पोराचा नसून मोघम नियमाचा असतो.

शर्यत भरवणाऱ्यांनो, नियमात 'मजबूत पाइप' असं लिहाल तर फसाल. आकडे एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमावलीतल्या अपेंडिक्स जे, कलम २५३ मधून उचला. मेन हूपला (सीटमागची मुख्य कमान) सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा पाइप, ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी (बाहेरचा व्यास बाय भिंतीची जाडी). बाकीच्या मुख्य नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. हार्डवेअरवाल्याकडचा शिवणीचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून एकालाही चालवून घेऊ नका. घेतलात, की कोल्हापूरहून सीमलेस मागवणारा मूर्ख ठरतो.

बिल बघून पास करू नका, बिल कुणीही आणतं. मेन हूपच्या सरळ भागात, वाकापासून लांब, ५ मिमीचं भोक पाडायला सांगा. व्हर्निअर पाइपाच्या लांबीत बसवून मागची दांडी भोकातून समोरच्या भिंतीला टेकवा. ४५च्या पाइपात ४२.५ वाचलं तर जाडी २.५. ४३ वाचलं तर २, म्हणजे गाडी परत. मापून झालं की भोकाला रबरी बूच लावायला लावा, आपल्या खाऱ्या हवेत पाइप आतून गंजायला वेळ लागत नाही.

आता वजन. ४५ बाय २.५चा एक मीटर साधारण २.६ किलो भरतो. छोट्या हॅचबॅकच्या केजला पंधरा-सोळा मीटर नळी सहज जाते, म्हणजे पस्तीस किलो तरी अंगावर. पण केजने बॉडी ताठ होते आणि वळणात त्याचा फायदाही मिळतो, हे केजवाले सांगत नाहीत. म्हणून केजचे बॉडीला टेकणारे पाय सहाच ठेवा आणि नळ्या फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) फोडून पुढच्या सस्पेन्शनपर्यंत नेऊ देऊ नका. तिथून पुढे ती सेफ्टी राहत नाही.

खरी लबाडी दारात असते. डोअर बार (दारालगतची आडवी नळी) ड्रायव्हरपासून जितका लांब तितका चांगला, त्यासाठी तो दाराच्या पोकळीत घालावा लागतो आणि आतला पत्रा कापावा लागतो. ही मागणी रास्तच आहे. मग नियम असा: बार पोकळीत असेल तरच कापायचं, आणि बारला लागेल तेवढंच. बाहेरचा पत्रा, बिजागऱ्या, लॅच जागेवर. दार आतून-बाहेरून उघडलं पाहिजे. बारचं वरचं टोक दाराच्या उघडीच्या निम्म्या उंचीपेक्षा वर नको, नाहीतर गाडी उलटल्यावर माणूस बाहेर कसा काढणार? दाराचं आतलं अस्तर काढलं तर तिथे किमान अर्धा मिलिमीटर जाडीचा धातूचा पत्रा हवाच. पोकळ दाराच्या कापलेल्या कडा सुरीसारख्या असतात.

दारातून निघालेलं सगळं (काच, काच-मशीन, कापलेला पत्रा) भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवा. बारचं वजन त्यातून वजा करा. जे उरेल तेवढं लोखंड बोल्टने फ्लोअरला. मी हे सुचवलं की श्रीमंत-गरीब दोघंही कुरकुरतात, त्यावरून मला वाटतं माप बरोबर आहे.

पॅडिंग, हेल्मेट, बेल्ट यांत सूट कुणालाच नको. केजची गाडी रस्त्याने चालवत आणू नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, शिवाय हेल्मेटशिवाय डोकं त्याच नळीवर आपटतं. टेम्पोत घालून आणा.

आणि नियम चतुर्थीच्या महिनाभर आधी हातात द्या. गणपतीत वेल्डर मिळत नाही, त्यानंतर भातकापणीत तर अजिबातच नाही, आणि मला दिवाळीच्या आदल्या रात्री केज वेल्ड करायचे नाहीत.