जांभळाचं बी डब्यात ठेवू नका: आपल्या रानातल्या झाडांची रोपं बियांपासून कशी करायची

दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं, की बिया तर भरपूर गोळा केल्यात, नीट वाळवून बरणीत ठेवल्यात, आता पाऊस आला की लावू ना? तर पहिला प्रश्न हा की बिया कशाच्या आहेत. कारण जांभूळ, फणस, कोकम, मोह, सीता अशोक यांच्या बिया वाळल्या की मेल्या. वरून छान दिसतात, पण आतला जीव गेलेला असतो. मी पहिल्या वर्षी जांभळाच्या दोनेकशे बिया कडक उन्हात वाळवून महिनाभर ठेवल्या आणि मग पेरल्या, एकही उगवली नाही आणि मला वाटत राहिलं की मातीच खराब आहे. त्यामुळे सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा, प्रत्येक झाडाच्या बीचं वेळापत्रक वेगळं असतं.

जांभूळ खाल्लं की बी धुवून त्याच दिवशी किंवा फार तर दोन-चार दिवसांत सावलीत पेरायचं. एका बीतून कधी दोन-तीन कोंबही येतात, घाबरू नका, जांभळाचं तसंच असतं, त्यातला दणकट ठेवायचा. कडुलिंबाच्या पिवळ्या लिंबोळ्या जून-जुलैत खाली पडतात, त्या चोळून गर काढायचा, धुवायच्या, सावलीत सुकवायच्या आणि दोन आठवड्यांच्या आत पेरून मोकळं व्हायचं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बीचं पण तसंच, ती विदर्भाकडे पावसाच्या तोंडावर पिकते आणि लगेच मातीत गेली तरच रुजते. कोकमाचं बी रुजायला वेळ घेतं आणि त्यात नर-मादी झाडं वेगळी, बियांपासून केलेली साधारण निम्मी रोपं नर निघतात, म्हणून सोलांसाठी झाड हवं असेल तर कलम आणा, पण रान वाढवायचं असेल तर बियांचंच लावा, नराशिवाय मादीला तरी फळ कुठून येणार.

आता दुसरी जात, कडक कवचाची. बहावा घ्या. त्याच्या काळ्या लांब शेंगा झाडावर कितीतरी महिने लटकत असतात, आत कप्पे कप्पे आणि चिकट काळा गर, प्रत्येक कप्प्यात एक चकचकीत बी. हे बी तसंच पेरलं तर वर्षभर मातीत नुसतं पडून राहील, पाणी आतच शिरत नाही. उकळतं पाणी गॅसवरून उतरवायचं, मिनिटभर थांबायचं, मग बियांवर ओतायचं आणि तसंच रात्रभर राहू द्यायचं. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरायच्या, ज्या तशाच बारीक राहिल्या त्यांना परत तेच. थोड्याच बिया असतील तर पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, मोड जिथून येतो ती टोकाची बाजू सोडून, आतलं पांढरट दिसलं की बास, आणि मग साध्या पाण्यात भिजत टाका. माझ्या अनुभवात घासलेल्या बिया सगळ्यात एकसारख्या उगवतात, पण शंभर बिया घासायला दुपार जाते.

हिरडा-बेहड्याला मात्र धीर लागतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा गोळा करतात तो कोवळा असतो, त्याचं रोप होत नाही, पिकून पिवळा होऊन स्वतः पडलेला हिरडा हवा. गर पूर्ण काढायचा, आतली कठीण आठळी दोन दिवस पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं. काही जण आठळीचं टोक कात्रीने जरासं छाटतात, त्याने फरक पडतो, पण आतल्या बीला धक्का लागला तर ते सडतं, त्यामुळे हात बसेपर्यंत अर्ध्याच छाटा. बेहडा त्यामानाने सोपा.

पळसाची चपटी शेंग, टोकाला एकच बी, मे-जूनमध्ये झाडाखाली सडा असतो. ही पिशवीत करूच नका असं माझं मत आहे. त्याचं सोटमूळ इतक्या वेगाने खाली जातं की पिशवीच्या तळाशी जाऊन गुंडाळतं आणि असं रोप पुढे रडत वाढतं. पहिल्या पावसानंतर जिथे झाड हवंय तिथेच दोन-तीन बिया टोकायच्या, झालं. करंजही थेट टोकून छान येतो.

वड, पिंपळ, उंबर यांचं बी मोहरीपेक्षा बारीक. पिकलेलं फळ पाण्यात कुस्करायचं, गाळून घ्यायचं आणि विटांच्या ओल्या चुऱ्यावर पसरायचं, वरून माती टाकायची नाही, फक्त फवाऱ्याने ओल ठेवायची. भिंतीच्या फटीत उगवतात ना, तसंच वातावरण द्यायचं. वडाची जाड फांदी लावूनही येते, पांगाऱ्याचीही.

माती म्हणाल तर दोन भाग पोयटा म्हणजे गाळाची माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग वाळू. ताजं शेण अजिबात नको, त्याने हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट खोल, जास्त नाही. पिशव्यांना खाली आणि बाजूला भोकं पाडा. पाणी रोज थोडं, चिखल होईल इतकं नको, कारण नुकतं उगवलेलं रोप बुडापाशी काळं पडून आडवं होतं, तो मर रोग, आणि एकदा लागला की शेजारच्या पिशव्या पण जातात. आणि महिन्यातून एकदा पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर मुळं जमिनीत घुसतात आणि जूनमध्ये पिशवी उचलताना तुटतात.

बिया आणताना एकाच झाडाच्या आणू नका, पाच-दहा लांब लांबच्या झाडांच्या मिसळा, आणि झाडाखालचं सगळं उचलून आणू नका, भेकरं, साळिंदर, पाखरं त्याच्यावर जगतात. अभयारण्यातून काहीच आणायचं नाही, तो गुन्हा आहे. रस्त्याकडेची, शेताच्या बांधावरची, शाळेच्या आवारातली जुनी झाडं पुरेशी आहेत. आपलं राज्यफूल तामण, ते सुद्धा कितीतरी शहरांत रस्त्याला लावलेलं आहे, थंडीत बोंडं तपकिरी झाली की उकलायच्या आधी काढून कागदावर ठेवायची, पंखवाल्या बिया आपोआप सुटतात.

पिशवीवर नाव आणि तारीख लिहाच, बॉलपेन उडतं, मार्करही पावसात पुसट होतो, मी पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरतो. लहानपणी कितीतरी रोपं सारखीच दिसतात आणि नंतर कळत नाही बेहडा कुठला आणि ऐन कुठला. रिकामी दिसणारी हिरड्याची पिशवी सुद्धा फेकू नका, एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. माझ्याकडे मार्चमध्ये पेरलेला एक हिरडा गणपती झाल्यावर वर आला.