लोकेशनचा डेटा तपासताय? या चुका टाळा

मोबाईलच्या लोकेशनवरून लोकांच्या प्रवासाचा अभ्यास करताना पहिली फसगत होते ती नकाशावरच्या निळ्या वर्तुळापाशी. अँड्रॉइड अचूकता '१० मीटर' म्हणतो, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या तेवढी, तेव्हा खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्केच. म्हणजे तीनातला एक बिंदू बाहेरच.

दुसरी चूक माझीच. कोरेगावकडचा एक दूधवाला पहाटे साडेचारला निघायचा, पण आमच्या तक्त्यात तो आदल्या रात्री अकराला निघालेला दिसे. दोन दिवस मी त्याच्या 'रात्रीच्या फेरी'चं कारण शोधत बसलो. फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ होती, साडेपाच तास मिळवायचे राहिले होते! दुपारचा प्रवास असता तर तारीख तीच राहिली असती आणि चूक खपून गेली असती. म्हणून पहाटेच्या नोंदी आधी बघा.

खंबाटकी घाटाचं वेगळंच. साताऱ्याहून पुण्याला जाताना जुना बोगदा लागतो, येताना गाडी घाट चढते. तेव्हा जाताना बिंदू तुटणारच. तिथे एका प्रवासाचे दोन करू नका. येताना घाटात बिंदू गायब असतील तर मात्र संशय घ्या. बहुधा ॲप स्क्रीनवर नसून पार्श्वभूमीत गेलेलं असतं, आणि अँड्रॉइड ८ पासून अशा ॲपला तासाला मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. नवे बोगदे वापरात आले की हा हिशोब बदलतो, त्यामुळे प्रवासाची तारीख बघूनच ठरवा.

स्लॅबखाली ठेवलेल्या फोनचा बिंदू नकाशावर जागच्या जागी नाचतो. ती अंतरं बेरजेत धरलीत तर घरी झोपलेला माणूसही चालून येतो.

पडताळ्याला लोकांनी स्वतः लिहिलेली प्रवासाची डायरी हवीच, पण तीही प्रमाण मानू नका. आठ वाजून सात मिनिटांनी निघालेला माणूस 'सव्वाआठ' लिहितो, आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली ते लिहीतच नाही. त्यापेक्षा आपलाच माणूस साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत पाठवा: एक फोन खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, वाटेतल्या ठरलेल्या खुणांपाशी घड्याळ बघून वेळ लिहायची. मग तिन्ही नोंदी शेजारी ठेवा.

इतकं करूनही एखाद्या आजी रोज संध्याकाळी क्लासला जाताना दिसल्या, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्यांना फोन करा. आमच्याकडे तो नातीने उचलला.