नाताळचा कार्यक्रम तुमच्याकडे आला तर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक कुणाला तरी ऑफिसात बोलावतात आणि म्हणतात, "यंदा नाताळचं तुम्ही बघा." बहुधा सगळ्यांत नव्या शिक्षकाला. मला हे बोलावणं आलं तेव्हा नोकरीला चार महिने झाले होते. पुढे एकोणतीस वर्षं ते येतच राहिलं. नगर जिल्ह्यातली मराठी माध्यमाची मिशन शाळा, मागे मुलांचं बोर्डिंग, पुढे मैदान आणि दोन कडुलिंब. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय.) मी निवृत्त झाले तरी नोव्हेंबरात कुणा नव्या बाईंचा फोन येतोच, "बाई, कुठून सुरुवात करू?" म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

पालकांपासून करा. गाणी आणि नाटक नंतर.

माझ्या वर्गात बावन्न मुलं असली तर ख्रिस्ती आठ-नऊ. बाकी मराठा, धनगर, वंजारी, बौद्ध, मुसलमान घरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, आणि मिशनच्या शाळेत घातलं की पोर बाटतं ही कुजबूजही तितकीच जुनी असावी. तिच्यावर रागावून काही होत नाही. ती आहे असं धरून चालायचं आणि आधी विचारायचं.

विचारणं हा नुसता चांगुलपणाही नाही. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान, म्हणजे वयानं लहान, असेल तर पालकांची संमती लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. अल्पसंख्याकांना आपली शाळा चालवायचा हक्क देणारा अनुच्छेद ३० आपल्या लोकांना पाठ असतो. दोन पानं मागं जाऊन २८ही वाचावा.

चिठ्ठी साधी लिहा. माझी अशी असायची: "शाळेत नाताळनिमित्त येशूच्या जन्माची गोष्ट, गाणी आणि प्रार्थना असा कार्यक्रम होईल. आपल्या मुलानं भाग घ्यावा का, घ्यावा तर नाटकात, गाण्यात की कामात, ते खाली लिहून सही करावी. नको असल्यास तसं लिहावं. त्याचा मुलाच्या गुणांवर काही परिणाम होणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका, सगळे आधी तेच शोधतात. सहीच्या जागी अंगठाही चालवा.

एका वर्षी पाथर्डीकडचे एक आजोबा चिठ्ठी हातात घेऊन थेट वर्गात आले. म्हणाले, "बाई, खरं सांगा, पाणी-बिणी शिंपडणार का?" मी म्हटलं, "आजोबा, बाप्तिस्मा असा गॅदरिंगमध्ये उरकत नसतो. समजत्या वयात तो घ्यायचा तर आमच्या स्वतःच्या पोरांनाही आधी शिकवणी घ्यावी लागते, परीक्षा असते." परीक्षेचं ऐकल्यावर त्यांना एकदम पटलं. म्हणाले, "मग आमचा काय पास होत नाही," आणि अंगठा देऊन गेले.

चिठ्ठ्या परत आल्या की तीन याद्या होतात. "कामात" लिहिलेल्यांची यादी सर्वांत मोलाची. पडदा, पेटी उचलणं, दिवे, पाणी, चपलांची रांग. एका मुसलमान विद्यार्थिनीच्या आईनं मला सांगितलं होतं, "मरियम आमच्याकडेही आहे बाई, कुराणात तिच्या नावाचा अख्खा सूरा आहे. पण मुलीनं सोंग घेऊन तिचं काम करू नये असं घरात वाटतं." मुलगी पडद्यामागून सूचना द्यायला बसली आणि कुणाचं वाक्य अडलं की हळूच पुढचा शब्द द्यायची. असं विचारल्याशिवाय कळत नाही.

आता नाटक. बाजारातून छापील संहिता आणू नका. बायबलातल्या लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांचे दुसरे अध्याय मुलांसमोर मोठ्यानं वाचा. नावनिशी (म्हणजे शिरगणती), गव्हाणी, मेंढपाळ हे लूकमध्ये. तारा, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) आणि हेरोद राजा मत्तयात. वाचलं की लक्षात येतं, मागी लोक तीनच होते असं मत्तय कुठंच म्हणत नाही. भेटी तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. त्यामुळे मी पाच-पाच, एकदा तर सात मागी उभे केलेत. ज्या आईला आपला मुलगा स्टेजवर हवाच असतो तिची सोय इथं होते.

वाचून झालं की मुलांना विचारा, "यातलं तुम्ही काय पाहिलंय?" आणि गप्प बसा. आमच्याकडं पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं बोर्डिंगला असतात. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात ते उन्हाळ्यातच परततात. सरकारच्या हुकमानं दिवस भरलेल्या बाईला घेऊन नवरा परगावी निघाला आणि उतरायला जागा मिळाली नाही, हे मी समजावून सांगायला लागले तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "माझा भाऊ फडातच झाला." त्या वर्षी गोठा थर्माकोलचा झाला नाही. मुलांनी बांबू रोवून पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, कोपी बांधली, तोडीवर बांधतात तश्शी, आत वाकूनच जावं लागेल अशी. योसेफ वाकताना त्याचा फेटा पडला आणि सगळं मैदान हसलं.

पाचट वापरणार असाल तर मात्र मेणबत्ती, पणती, जुना पिवळा बल्ब यांतलं काही जवळपास नको. एलईडीची माळ, तीही बाहेरून. मागे वाळूच्या दोन बादल्या आणि तिथून हलायचं नाही असं बजावलेली दोन आडदांड मुलं.

मेंढपाळांचा प्रवेश मला दुसऱ्या एकानं शिकवला. आठवीतला धनगराचा मुलगा, वाचनात कच्चा, तालमीला कायम मागे बसणारा. देवदूत येतो, मेंढपाळ म्हणतात चला बेथलेहेमाला, आणि सगळे निघतात. तालीम चालू असताना तो उठून म्हणाला, "बाई, हे खोटं वाटतंय. सगळेच गेले तर मेंढरांजवळ कोण थांबलं? रातीला लांडगा येतो." मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात काही नव्हतं. मग त्यालाच थांबवलं. बाकीचे गेले, तो घोंगडी पांघरून, काठी टेकवून वाघरीशेजारी (मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी) एकटा बसून राहिला. पाळणा, गाणं, मागी सगळं होईपर्यंत तो बसलेलाच. शेवटी मेंढपाळ परत आले आणि त्यातला एक त्याच्या कानात काहीतरी सांगतो, एवढंच. काय सांगतो ते आम्ही लिहिलं नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी एक मेंढपाळ थांबवायचाच असा माझा नेम आहे, आणि ते काम सगळ्यांत गरीब स्वभावाच्या मुलाला द्यायचं.

बाळ बाहुलीचंच घ्या. खरं तान्हं एकदाच आणलं होतं. गाण्यापेक्षा त्याचा आवाज मोठा.

गाण्यांसाठी फोनमध्ये डोकं घालू नका. नारायण वामन टिळकांनी शंभरावर वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजनाची चाल आणली ती इथंच, याच मुलखात राहून. आपल्या वर्गात हरिनाम सप्ताहात पखवाज वाजवणारी मुलं असतात, त्यांना भजनाचा ठेका शिकवावा लागत नाही. पेटी, पखवाज, चार टाळ, बास. साउंडवाल्याचे दोन मोठे स्पीकर आले की मुलं गात नाहीत, नुसते ओठ हलवतात.

ख्रिस्ती घरं म्हणजे सगळी एकसारखी, असंही समजू नका. कॅथलिक घरी फादर आणि मिस्सा, आमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे, पाळकसाहेब आणि उपासना. आमच्या सहा निरनिराळ्या मंडळ्या (चर्चसंस्था) १९७० साली नागपुरात एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी प्रार्थना किती लांब असावी यावर आमचं अजून एकमत नाही. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची ठरवलीत तर आधी तालीम घ्या. नाहीतर "वाइटापासून सोडव"पाशी कॅथलिक मुलं आमेन म्हणून मोकळी होतात आणि आमची मुलं "राज्य, पराक्रम, गौरव" म्हणत एकटीच पुढे जातात. मी हल्ली सांगते, सुरुवातीची प्रार्थना एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या शब्दांत करावी, चार ओळी, आणि शेवटचा आशीर्वाद पाळकांनी. संदेशाला, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाला, सात मिनिटं. पाळकसाहेबांना हे पत्रातच लिहून कळवा, समोरासमोर कुणाला धीर होत नाही. पाहुण्यांचं भाषण लहान मुलांच्या नाचाच्या आधी ठेवा, म्हणजे मुलं स्वतःच चुळबुळ करून ते आवरतं घ्यायला लावतात.

चांदणी विकत आणू नका. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या जपून ठेवायला मुलांना आधीच सांगून ठेवा. दीड हाताच्या सारख्या दहा कामट्या. पाच-पाचाच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर दुसरी ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं घट्ट आवळायची. मग आतल्या बाजूला जिथं कामट्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागी चार बोटांच्या काड्या उभ्या अडकवायच्या, की चांदणी फुगते. वरून पतंगाचा कागद, कणकेच्या खळीनं. एक बाजू उघडी ठेवा, बल्ब घालायला. हे विसरलं की फाडावी लागते. दर वर्षी एक तरी वर्ग विसरतो.

खाण्याचं. पैसे मागू नका, हात मागा. आदल्या दिवशी दुपारी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात करंज्या. किलोभर मैद्यात साधारण साठ होतात, म्हणजे साडेतीनशे मुलांना सहा किलो. सारण सुकं खोबरं, रवा, पिठीसाखर, वेलची. ख्रिस्ती घरच्या बायाच येतील असं वाटतं, पण माझ्या अनुभवात करंजीची मुरड पाहायला सगळ्याच येतात, कारण मुरडीवरून सगळ्यांना बोलायचं असतं. लाटणं एकीकडे, गप्पा एकीकडे. कुणाची सून, कुणाचं आजारपण, कुणाचा मुलगा बोर्डिंगमध्ये रडतोय, हे मला स्टाफरूममध्ये कधी कळलं नाही, तिथं कळलं. शाळेत सगळं शाकाहारीच ठेवा, म्हणजे कुणाला बाजूला बसावं लागत नाही. मटण ज्याच्या त्याच्या घरी पंचवीस तारखेला.

सांताक्लॉजबद्दल भांडणं होतात. मी त्याला शेवटी पाच मिनिटं देते. दाढी डिंकानं चिकटवू नका, नाडीनं बांधा. आमच्या शिपाईमामांच्या हनुवटीची साल निघाली होती.

वेळ दुपारी तीनची. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, गार वारा सुटतो, आणि खेड्यातल्या पालकांना शेवटची एसटी गाठायची असते. चांदणी उजेडात पेटली तरी चालते. पालक निघून गेले तर ती बघणार कोण?

आणखी एक यादी, चौथी, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी करायची. ज्यांचं कुणीही येणार नाही अशी मुलं. ऊसतोडीवाल्यांची, मेंढरांमागं गेलेल्यांची, त्या वर्षी आई किंवा वडील गेलेल्यांची. ही यादी फळ्यावर लावायची नसते. स्टाफमध्ये वाटून घ्यायची, एका शिक्षकाकडे दोन मुलं. त्यांच्या शेजारी बसायचं, त्यांचं काम झालं की पहिली टाळी आपली. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम फोन बाळगतो, त्याचा नंबर बोर्डिंगच्या रजिस्टरात असतो. आदल्या रात्री त्याला सांगून ठेवा, म्हणजे दुपारी आईबाप फोनजवळ असतात. फडात रेंज नसते, बांधावर यावं लागतं. ज्या मुलीनं भाऊ फडात झाल्याचं सांगितलं होतं, तिच्या आईनं कोपी फोनवर बघितली आणि पहिलं काय म्हणाली तर, "दार वाऱ्याच्या तोंडाला केलंय गं." तिथल्या तिथं चार मुलांनी कोपी फिरवली आणि मग नाटक सुरू झालं. पंचवीस मिनिटं उशीर. पाहुणे घड्याळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी आवराआवर. पाचट शेतात आच्छादनाला जाईल, बांबू मोजून परत. घोंगड्या ज्यांच्या घरून आणल्या त्यांच्या नावाची चिठ्ठी आणतानाच टाचून ठेवा, कारण सगळ्या काळ्या असतात आणि धनगर आपली घोंगडी हाताला लागली की ओळखतो, आपल्याला ओळखता येत नाही. परत देण्याआधी कडक ऊन दाखवा. आणल्या दिवशीही दाखवा. मी एका वर्षी नाही दाखवलं, आणि नाताळच्या उपासनेत पुढच्या बाकावर बसून संदेशभर खाजवत होते.