जपानहून आणलेल्या जुन्या गाडीत एफएम लागत नाही: न्यूझीलंडमधला माझा अनुभव

लक्षण असं: एएम स्वच्छ, पण एफएमवर एक-दोनच स्टेशनं आणि आकडा ९० च्या पुढे सरकतच नाही.

अँटेना बदलला, सेट रीसेट केला, मेनूमध्ये देश शोधला. पैसे आणि दोन शनिवार पाण्यात. एएम नीट लागतं म्हणजे अँटेना ठीक आहे, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९० (नव्या सेटमध्ये ९५) मेगाहर्ट्‌झ, इथला ८८ ते १०८. उपाय म्हणजे बँड एक्स्पांडर, अँटेना आणि सेट यांच्या मध्ये जोडायची छोटी डबी. तो सगळी स्टेशनं ठरावीक आकड्याने खाली आणतो.

आधी तुमची स्टेशनं लिहून काढा, मगच विकत घ्या. ९० पर्यंतच्या सेटला १२ चा (१२ मेगाहर्ट्‌झने खाली आणणारा) एक्स्पांडर लावला तर ८८ ते १०२ मिळतं, १६ चा लावला तर ९२ ते १०६.

बसवताना किल्ली बंद. बॅटरी मात्र काढू नका, काही जपानी सेट मग कोड मागत लॉक होतात. सेट बाहेर ओढा, अँटेनाचा प्लग एक्स्पांडरमध्ये, एक्स्पांडरचा प्लग सेटमध्ये. एक्स्पांडरची काळी वायर गाडीच्या रंग नसलेल्या धातूला. लाल वायर अ‍ॅक्सेसरीच्या वायरला, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच १२ व्होल्ट येणाऱ्या, मल्टीमीटरने तपासा. कायम चालू वायरला जोडली तर बॅटरी हळूहळू उतरते.

स्टेशनं पुन्हा शोधून साठवा. १२ च्या एक्स्पांडरवर ९८.२ चं स्टेशन ८६.२ वर दिसेल.